दादाचं बटण

माझा मोठा भाऊ चिडत नाही, ही आमच्या घरातली जुनी अडचण आहे. त्याच्या वाटचं मला चिडावं लागतं. शाळेत कुणी त्याची छत्री पळवली की तो भिजत घरी यायचा आणि त्याच्याहून सहा वर्षांनी लहान असलेली मी छत्री परत आणायला जायचे. कामावर त्याची बढती साहेबाच्या मेव्हण्याला मिळाली, तर हा त्या मेव्हण्याचं अभिनंदन करून आला आणि इकडे मी शिवणाच्या मशीनवर एका दुपारी तीन सुया मोडल्या. लोक म्हणतात, भाऊ इतका शांत आणि बहीण अशी कशी? अहो, आईवडिलांनी ठेवलेला रागाचा सगळा साठा माझ्याच वाट्याला आला, त्याला मी काय करू?

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. अठ्ठावीस वर्षं झाली. इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावतो आणि मग पेटी उघडतो. लिफ्ट मजल्याला अगदी सपाट थांबली पाहिजे, हा त्याचा हट्ट. दार उघडलं की खाली बसून उंबऱ्यावरून अंगठा फिरवतो. अंगठ्याला जरा जरी पायरी लागली तरी परत वर जाऊन यंत्र उघडतो. लोक खाली ताटकळत असतात, शिव्या घालत असतात. हा म्हणतो, "दोन मिनिटं. म्हातारं माणूस ठेचकाळेल."

आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, हाच दादा बेस गिटार वाजवायचा. पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेली, काळपट लाल रंगाची, चार जाड तारांची. बरोबर तिचा आवाज मोठा करणारा, कपाटाएवढा अ‍ॅम्प, ज्यानं वहिनीच्या पलंगाशेजारची जागा लग्नाच्या आधीपासून अडवलेली आहे. मास्तर म्हणून एक जण आहे, तो कीबोर्ड वाजवतो आणि ऑर्केस्ट्राही त्याचाच. बाकी एक ड्रमवाला, एक गायिका आणि दादा. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे कार्यक्रम, निवृत्तीचे समारंभ. बावीस वर्षं. बेस गिटारचं दुर्दैव असं की ती वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं. गायिकेचं कौतुक होतं, ड्रमवाल्याकडे पोरी बघतात, आणि दादाला लोक येऊन विचारतात, "अहो, बाथरूम कुठेय?"

या ऑर्केस्ट्राचा आवाज सांभाळतो माझा नवरा. हॉलच्या मागच्या बाजूला टेबल टाकून बसतो, समोर मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे. याच्यावर प्रत्येक वाद्यासाठी वरखाली सरकणारं एक बटण असतं आणि बटणाखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव. गायिका, मास्तर, ड्रम. आणि एकावर लिहिलेलं, दादा. आमचं लग्नही या टेबलामुळेच जमलं. मी दादाला ऐकायला जायचे आणि जागा मिळायची ती या टेबलाशेजारी. तेव्हा तो मला फार चांगला माणूस वाटला होता. असो.

तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात दादाचा डावा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. टाके पडले, दोन महिने पट्टी, मग डॉक्टर म्हणाले, झालं बरं. दादा परत वाजवायला लागला. आम्हीही म्हणालो, झालं बरं. तो विषय तिथे संपला, असं मी तरी धरून चालले होते.

मग या वर्षी एका कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम होता, भर दुपारी. गायिकेच्या झग्याची शिवण उसवली म्हणून नवऱ्यानं मला सुईदोरा घेऊन बोलावलं होतं, म्हणून मी सगळं डोळ्यांनी बघितलं. गाणं रंगात आलं होतं, कामगार खुर्च्या बाजूला सारून नाचत होते. मध्येच दादाच्या अ‍ॅम्पचा दिवा विझला. फ्यूज गेला. दादानं टेबलाकडे बघून हात वर केला. नवऱ्यानं हातानंच सांगितलं, चालू दे, चालू दे. पण ज्याचा अ‍ॅम्प बंद आहे तो काय चालू ठेवणार? दादानं गिटार स्टँडवर ठेवली आणि कडेच्या जिन्यानं खाली उतरला. जादा फ्यूज टेबलाखालच्या डब्यात असतात, ते आणायला.

हॉलच्या मध्यावर, एका खांबाशी तो थांबला. मला वाटलं, चक्कर आली. मी सुई तोंडात धरून तशीच पुढे गेले. चक्कर नव्हती. तो ऐकत होता. त्याची गिटार वर स्टँडवर, त्याचे हात मोकळे, आणि हॉलभर बेस वाजत होता. कामगार त्याच्या ठेक्यावरच पाय टाकत होते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी करंगळी घसरवत एक जागा घ्यायची त्याची जुनी सवय आहे. ती जागाही आली. करंगळीला टाके पडल्यापासून ती जागा त्यानं सोडून दिली होती.

दादानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा मिक्सरकडे बघायला लागला. दादा टेबलाशी गेला, डबा उघडला, फ्यूज काढला. उठताना त्यानं मिक्सरवर एक नजर टाकली. 'दादा' लिहिलेल्या पट्टीवरचं बटण पार खाली होतं. तो वर गेला, फ्यूज बदलला, गिटार गळ्यात अडकवली आणि उरलेली सात गाणी वाजवली. सात! जी कुणालाही ऐकू जाणार नाहीत हे माहीत असताना. मी असते तर ती गिटार मास्तरच्या कीबोर्डवर आडवी घातली असती.

अर्थात तेव्हा मला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. कळलं चार दिवसांनी, वहिनीचा फोन आला तेव्हा. "अगं, हे गिटार विकायला काढतायत. अ‍ॅम्पसकट. विचारलं तर म्हणतात, मन उडालं. मला जागा मिळेल, पण मला नाही बाई हे बरं वाटत."

मी नवऱ्याला विचारलं. तो कांदा चिरत होता. "दादा गिटार का विकतोय?" एवढंच विचारलं, आणि त्याचा चेहरा कांद्यासारखा पांढरा पडला. मग एकेक बाहेर आलं. बोटांना टाके पडल्यानंतर दादा जरासा मागे पडायला लागला होता. किंचित. पण नाचणाऱ्यांचे पाय अडखळायचे. वर्ष-दीड वर्ष चालवून घेतल्यावर मास्तर म्हणाला, माणूस बदलू. नवरा म्हणाला, नको, माझा मेव्हणा आहे, मी बघतो. याच्याकडे दादाच्या वाजवण्याचं जुनं रेकॉर्डिंग होतं, हात दुखावायच्या आधीचं, प्रत्येक गाण्याचं. ते त्यानं हॉलमध्ये सोडायला सुरुवात केली. दादाला स्टेजवर स्वतःचा अ‍ॅम्प ऐकू यायचा, त्याला काय कळणार? चौदा महिने.

"त्याचाच तर हात होता गं," नवरा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा लावला असता का मी? त्याचं मन मोडू नये म्हणून केलं."

"मन मोडू नये म्हणून? चौदा महिने त्याला स्टेजवर शोभेचं झाड करून ठेवलंस आणि वर उपकाराची भाषा?"

"मास्तर त्याला काढणार होता!"

"मग काढू द्यायचं होतं! निदान त्याला कळलं तरी असतं!"

कांदा तसाच राहिला. त्या दिवशी आम्ही काही शिजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरकडे गेले. चौथ्या मजल्यावर राहतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा पाणीही दिलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, चौदा महिन्यांत तुम्ही सहा-सात कार्यक्रमांना आलात. तुम्हाला कळलं का?"

 या माणसाला चार शब्द सुनावायचे म्हणून मी येताना बसमध्ये तयारी केली होती, त्यातला एकही शब्द उपयोगाचा उरला नाही. लिफ्ट होती, पण मी जिन्यानं उतरले. मला पाय आपटायचे होते.

तिथून सरळ दादाकडे. तिथे आणखी एक नग बसला होता. दातांचा डॉक्टर. त्याला गिटार हवी होती आणि ती कशासाठी, तर दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतीवर टांगायला. लाल रंग त्याच्या पडद्यांना जुळत होता. वाजवून बघावी असं त्याच्या मनातही आलं नाही. तिला भिंतीला टेकवून, डोळे बारीक करून, चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाला, "या तारा काढल्या तरी चालतील ना? लहान मुलं ओढतात हो."

"चालेल," दादा म्हणाला.

चालेल! मी दातओठ खाल्ले, तेही दातांच्या डॉक्टरसमोर. ठरलं असं की रविवारी दुपारी बारा वाजता तो गाडी घेऊन येणार. अ‍ॅम्पही नेणार होता. त्याच्यावर कुंडी ठेवायची होती त्याला.

तो गेल्यावर मी दादावर घसरले. "तू माणूस आहेस की दगड? त्यांच्याशी भांड! मास्तरला जाब विचार! माझ्या नवऱ्याच्या चार कानाखाली लाव, मी धरून ठेवते त्याला!"

दादा गिटारला फडक्यानं पुसत होता. डॉक्टरच्या बोटांचे ठसे काढत होता. "भांडून काय होणार गं?" तो म्हणाला. "राग येत नाही मला. नुसतं उडालंय मन. हातात घेतली की वाटतं, आत्ताही कुणी ऐकत नाहीये. मग बोट उचलावंसंच वाटत नाही. भिंतीवर निदान दिसेल तरी."

वहिनी दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. बावीस वर्षं त्या अ‍ॅम्पची ठेच लागते म्हणून तिनं शिव्या घातल्या आणि आता तिलाच रडू फुटत होतं.

फडकं बाजूला ठेवून दादा म्हणाला, "एक काम कर. तुझ्या नवऱ्याला सांग, रविवारी सकाळी तो कारखान्याचा हॉल उघडून घे. सगळं सामान लाव. मला एकदा बाहेरून ऐकायचंय."

"काय?"

"मला. मी काय वाजवतो ते. मग देतो गिटार."

रविवारी नऊ वाजता आम्ही तिघं त्या रिकाम्या हॉलमध्ये. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. नवऱ्यानं खाली मान घालून वायरी जोडल्या. गेले पाच दिवस आमच्या घरात तो पाहुण्यासारखा वागत होता आणि मी त्याला पाहुण्याएवढंही विचारत नव्हते. दादानं गिटार घेतली आणि नवऱ्यानं दादाचं बटण वर सरकवलं. वापर नसल्यानं आधी ते जरा अडकलं.

बाकीच्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि दादा त्याच्याबरोबर वाजवू लागला. नवरा ते सगळं मशीनमध्ये टिपून घेत होता. गाणं संपलं. दादानं त्याच्याकडे बघितलं.

"छान झालं, दादा," नवरा म्हणाला.

दादानं माझ्याकडे बघितलं. आता खरं सांगते, मला बेस गिटारमधलं काही कळत नाही. मी त्याची बहीण आहे, मला तो वाजवताना दिसतो, ऐकू येतो की नाही याच्याकडे मी कधी लक्षच दिलं नाही. बावीस वर्षं दर कार्यक्रमानंतर म्हणत आले तेच तोंडातून निघालं. "मस्तच!"

दादा खाली उतरला, त्याच खांबाशी जाऊन उभा राहिला. "आत्ताचं लाव," म्हणाला. ते ऐकलं. "आता जुनं लाव." तेही ऐकलं. लिफ्टच्या उंबऱ्यावर फिरवतो तसा अंगठा खांबावर ठेवून, डोळे मिटून. मग पुन्हा आत्ताचं. "इथे," तो म्हणाला. "आणि इथे. मागे पडतोय मी. या दोन बोटांवर आलं की." आवाजात काही नव्हतं. कुठल्या मजल्यावर बिघाड आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

परत वर गेला. नवऱ्याला म्हणाला, "आता मी वाजवतो. जिथे मागे पडेन तिथे मोठ्यानं ओरडायचं, उशीर. लाजायचं नाही."

दादा वाजवू लागला. "उशीर," नवरा पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"उशीर!"

दादानं मान हलवली आणि वाजवत राहिला. आणखी दोनदा नवरा ओरडला. मग दुसरं कडवं आलं. नवऱ्याचं तोंड उघडलं, मी बघितलं, आणि त्यानं ते मिटून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. दया आली होती मेल्याला.

दादा थांबला. तारांवर तळहात आपटला आणि सगळ्या हॉलमध्ये धाडकन आवाज घुमला.

"आत्ता उशीर झाला होता! बोलला का नाहीस?"

"दादा, अगदी जरासा..."

"जरासा? मी लिफ्ट अंगठाभर खाली थांबवली आणि वर फळी टाकून लोकांना सांगितलं की या, सपाट आहे, तर मला कामावर ठेवतील का? तू फळी टाकलीस माझ्यावर! चौदा महिने! मला एकदा सांगितलं असतंस तर मी घासलं असतं, रात्रंदिवस घासलं असतं. बोटं वाकली नसती तर सोडलं असतं, आपणहून सोडलं असतं. दोन्ही माझ्या हातात होतं. तू ते काढून घेतलंस, आणि वर मी तुझ्या घरी येऊन चहा पीत होतो! हसत होतास ना तू माझ्याशी? रोज हसत होतास!"

नवरा उभा राहिला, परत बसला. मी दादाला असा कधी बघितला नव्हता. मान लाल झालेली, शिरा फुगलेल्या, आवाज फाटलेला. मनात म्हटलं, शाब्बास, दे अजून एक, आणि तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"आणि तू काय बघतेस? छान दादा, मस्त दादा! चौदा महिने माझं बटण बंद होतं आणि तू मस्त मस्त करत होतीस! आत्तासुद्धा! एकदा तरी ऐकलंस का मी काय वाजवतो? माझ्यासाठी सगळ्या जगाशी भांडत फिरतेस, छत्र्या आणतेस, कुणी सांगितलं होतं? मला भांडणारी नको होती, ऐकणारी हवी होती!"

 जन्मभर मी सगळ्यांना उत्तरं दिली. त्या हॉलमध्ये, हातात पिशवी धरून, मला एकही सापडलं नाही. मास्तरनं विचारलं तेव्हाही सापडलं नव्हतं, पण तेव्हा राग तरी होता हाताशी. आता तोही दादानं घेतला होता.

दादानं बाहीनं तोंड पुसलं. "पहिल्यापासून लाव," तो नवऱ्याला म्हणाला. "आणि या वेळी दया केलीस तर खरंच कानाखाली देईन. हिला धरून ठेवायला सांगेन."

नवऱ्यानं लावलं. दादा वाजवू लागला. "उशीर!" नवरा ओरडला, या वेळी पार छतापर्यंत जाईल असा. "उशीर!" दादाचं तोंड रागानं आवळलेलं होतं आणि दुखावलेली दोन बोटं तारेवर अशी पडत होती की मला इथून दिसत होतं, दुखत असणार. पण तो थांबत नव्हता. चुकला की तीच जागा परत घेत होता. मी एक खुर्ची ओढली, खांबाशी बसले आणि पहिल्यांदा नुसतं ऐकलं. गायिका नाही, ड्रम नाही, फक्त ते खालचं. पायाखालून येतं ते. थोडा वेळ काहीच कळलं नाही. मग एके ठिकाणी, नवरा ओरडायच्या आत, माझ्याच तोंडातून निघालं, "उशीर!"

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. पण मान हलवली.

बाराला पाच मिनिटं असताना मिक्सरशेजारी ठेवलेला दादाचा फोन वाजला. डॉक्टर. दादानं वाजवता वाजवताच मान वळवली. "विकायची नाही म्हणून सांग त्याला. भिंतीवर दुसरं काहीतरी टांग म्हणावं."

"मास्तरकडे परत जाणार आहेस का?" नवऱ्यानं विचारलं.

"ते मी ठरवीन!" दादा खेकसला. "मी! कळलं?"

मी फोन उचलला. या डॉक्टरला पडद्यांसकट झाडायचा बेत मी चार दिवस मनात घोळवला होता, तारा काढणारा मेला. पण आता रिकामी झाले होते मी.

"डॉक्टर, माफ करा हं," मी म्हणाले. "गिटार मिळणार नाही. भाऊ वाजवतोय."

"अहो, पण आपलं ठरलं होतं. मी गाडी घेऊन निघालोय," तो म्हणाला. मग एकदम, "हा मागे आवाज कसला येतोय?"

"उशीर!" नवरा मागे ओरडला.

"तो नाही," डॉक्टर म्हणाला. "त्याच्या खालचा."

मी फोन हातभर लांब धरला, स्पीकरकडे, आणि तसाच धरून उभी राहिले.